मुठीचं यमक

हिंगोलीच्या मूकबधिर शाळेत मी नव्वदच्या दशकात मास्तर होतो. लोकांना वाटायचं, काय शांत नोकरी! पण जिथं कुणी बोलत नाही तिथं किस्से फार साठतात, आणि रिटायर झाल्यावर ते पोटात मावत नाहीत.

वरून हुकूम होता : पोरांना तोंडानं बोलायला शिकवा, खुणा बंद. पोरं वर्गात हात बांधून बसायची आणि सुट्टीत आमचं बारसं करायची! माझं नाव कान पिरगाळणं. पहिल्या दिवशी एकाचा कान धरला होता, तेवढ्यावरून. पुढं कितीही गोड वागलो तरी नाव बदललं नाही.

*

दोन खुणा जोडून पोरं नवा शब्द करायची. पाणी आणि भिंत म्हणजे सिद्धेश्वर धरण. हळद आणि पोतं म्हणजे हिंगोली. पोट आणि खुर्ची म्हणजे हेडमास्तर. एकदा ते महिनाभर रजेवर गेले, चार्ज माझ्याकडे आला. पोरांनी लगेच खुर्ची माझ्या कानाला जोडली. साहेब परतले तेव्हा त्यांचं स्वागत नुसत्या पोटानं झालं.

*

मराठीच्या देशमाने सरांना सुनीतं लिहायचं वेड. त्यांनी वही काढली की आम्हाला एकदम तास आठवायचा. ऐकणारं कुणी उरेना, म्हणून त्यांनी बहिऱ्या पोरांना सुनीत शिकवायला घेतलं! चौदा ओळी; पहिलीचं यमक चौथीशी, दुसरीचं तिसरीशी, शेवटच्या दोन जोडीनं. यमक म्हणजे शेवटी सारखा आवाज, असं फळ्यावर लिहिलं आणि स्वतःच ओशाळले.

साखऱ्याजवळच्या तांड्यावरची कमळी उठली. तिनं दोन्ही मुठींनी नांगर धरला, पंजांनी भाकरी थापली, पंजे उभे करून धरणाची भिंत केली, मग मुठीत बादली उचलली. मूठ, पंजा, पंजा, मूठ. सरांनी फळ्यावरचा 'आवाज' पुसून 'हात' लिहिलं.

*

स्नेहसंमेलनाआधी कमळीचा बाप तिला कायमची न्यायला आला. चार वर्षांत पोरगी एक शब्द बोलली नव्हती.

"लेकरू शिकून राहिलं म्हणता, मंग मला काहून काई ऐकू येत न्हाई?"

कमळी सरांची बाही सोडेना. सरांनी हातापाया पडून त्याला संमेलनापर्यंत थांबवलं. हेडमास्तरांनी बजावलं, संमेलनाला शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार, त्यांच्यासमोर खुणा नकोत. सरांनी कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं, 'कवायत'.

बाप पहिल्या रांगेत बसला, कमळीची पत्र्याची पेटी आधीच मांडीवर घेऊन. कमळीनं हातांनी सुनीत सुरू केलं : तांडा, बैल, विहीर, आई. तेरावी ओळ बादलीच्या मुठीवर संपली. चौदावीही मुठीवरच संपायची होती; ती बापाच्या शेतापर्यंत, अर्ध्यावर आली आणि कमळीची नजर पेटीवर गेली. हात हवेतच थांबले. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं.

बापानं पेटी खाली ठेवली आणि दोन्ही मुठींनी नांगर धरला.