माझ्या टेबलावरचा स्क्रू गेज

मोताळ्याच्या आमच्या कॉलेजात बीएस्सीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलसाठी मी एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. तारेला तबकडी टांगायची, पिळून सोडायची, झोके मोजायचे. तारेची जाडी आणि झोक्यांची वेळ कॉम्प्युटरात भरली की तारेचा कडकपणा पडद्यावर यायचा. बरोबर असेल तर हिरवा, नाहीतर लाल. रंगांचं डोकं माझंच. तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो.

सगळी बॅच हिरवी निघाली. एकच मुलगी लाल. बाजाराच्या दिवशी ती आईला भाजीचं दुकान मांडून देऊन यायची, त्यामुळे मी करून दाखवलेला प्रयोग तिचा हुकला होता.

"म्या तीनदा मोजलं, सर. तेच येऊन राह्यलं."

"मोजता येत नाही तर फिजिक्स काऊन घेतलं?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. पोरं हसली. मीही हसलो, हे लिहिताना कान तापतात. प्रॅक्टिकलला तिला पासापुरतेच मार्क दिले.

सुट्टीत कोड पुन्हा वाचायला घेतला. जाडी मोजायचा स्क्रू गेज बहुधा थोडा चुकतो, आणि ज्याच्या गेजची जी चूक, ती त्याने आपल्या मापातून वजा करायची असते. मी शहाण्याने माझ्या टेबलावरच्या गेजची चूक सगळ्यांच्याच मोजमापातून वजा करून ठेवली होती. तिचा गेज तर बिनचूक होता. मग बाकीचे हिरवे कसे? जर्नलं काढली. सगळ्यांची जाडी एकच, प्रयोग दाखवताना मी माझ्या गेजने मोजून फळ्यावर लिहिलेली. आमच्याकडे रीडिंग घेत नाहीत, जुळवतात. मीही तसाच पास झालो. अख्ख्या बॅचमध्ये तार मोजली होती ती फक्त तिनेच.

कोडमधली ती ओळ मी पाच मिनिटांत खोडली आणि कुणाला काही बोललो नाही.

नंतर ती ऑफिसात टीसी घ्यायला आली. दुसरीकडे बीएला जाणार होती. अर्जावर माझी सही लागत होती.

"फिजिक्स काऊन सोडून राह्यली?"

"मले मोजता येत नाही ना, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं.

एक वाक्य पुरलं असतं. तोंडात आलंही होतं. पण शेजारी क्लार्क बसला होता. तिला मी भरल्या वर्गात बोललो होतो. मला एका क्लार्कची लाज वाटली. मी सही केली.

"थँक्यू सर," ती म्हणाली.