भूपाळी, हळू आवाजात

नाटक आणि संगीतरचना असे दोन कोर्स एकदम करायचे, ही अक्कल माझीच. सकाळी संगीत, संध्याकाळी नाटक, मधे दुपारी घर. संगीताच्या वर्गात मी 'ती नाटकवाली' आणि नाटकाच्या वर्गात 'ती गाणारी'. दोन्हीकडे पाहुणी, आणि जेवण कुठेच नाही. बिबवेवाडी ते स्वारगेट, तिथे उतरून दुसरी बस, आणि दिवसातून दोनदा तोच फेरा. बसमध्ये उभी असले की संवाद पाठ व्हायचे, बसायला मिळालं की झोप लागायची आणि पाठ केलेलं जायचं. त्या वर्षांतलं काय आठवतं असं कुणी विचारलं तर लोकांना कलेबिलेबद्दल ऐकायचं असतं. मला आठवतात ते दुखणारे पाय.

आम्ही दोघी बहिणी वऱ्हाडातून आलेल्या. ताईला कंपनीत नोकरी लागली म्हणून पुण्यात खोली घेता आली, आणि खोली होती म्हणून माझं कॉलेज. तिकडे अमेरिकेत लोक कामाला बसले की त्यांचे अडलेले कॉम्प्युटर फोनवरून सुरू करून द्यायचे, हे तिचं काम. संध्याकाळी कंपनीची गाडी खाली येऊन हॉर्न वाजवायची आणि ताई चपला हातात घेऊन जिना उतरायची. एकही दिवस गाडी चुकली नाही तिची. सकाळी यायची, खिडकीला चादर लावायची आणि पडायची. मी दुपारी घरी पोचायचे तेव्हा तिची मध्यरात्र चाललेली असायची.

आणि मला तर नेमक्या त्याच वेळात चाल लावायची होती. खोली एकच. हेडफोन लावून वाजवायचा कीबोर्ड बुधवार पेठेत दुकानाच्या काचेमागे किमतीच्या चिठ्ठीसकट दिसायचा, तो तिथेच बरा होता. मी पेटीचा भाता बंद ठेवून नुसती बोटं फिरवायचे. सूर मनात, बाहेर फक्त पट्ट्यांची टकटक. ताईनं कूस बदलली की बोटं जागच्या जागी थांबायची. ती पुन्हा घोरायला लागली की पुढची ओळ.

"वाजवत जाय न, मले काही होत नाही," ती म्हणायची. होत नाही कसं! डोळ्यांखाली काळं झालं होतं तिच्या. मी कधीच भाता उघडला नाही.

शेवटच्या वर्षी मी दोन्ही विभागांच्या हातापाया पडून एकच सादरीकरण मान्य करून घेतलं. छोटं नाटक, त्यात मी आई. परगावी निघालेल्या मुलाला ती भूपाळी म्हणून उठवते. भूपाळीची चाल माझी. नाटकाचे सर अभिनय बघणार, संगीताच्या बाई रचना. मार्कांची काळजी होतीच, खोटं कशाला बोलू? पण खरं सांगायचं तर मला फक्त ताईनं ती चाल ऐकायला हवी होती. तिच्या उशाशी बसून केलेली, आणि तिलाच माहीत नसलेली.

"मी येतो न ऐकायले," ताई म्हणाली. ड्यूटी संपवून ती थेट हॉलवर आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. पहिल्या रांगेत मधोमध बसली आणि मला हात केला.

पडदा उघडला. माझे पहिले दोन संवाद झाले, तोवर ताईची मान खाली. मी गायला लागले आणि पाहिलं, तिचं तोंड किंचित उघडं, ओळखपत्र श्वासाबरोबर वरखाली. आणि माझा आवाज उतरला. मी उतरवला नाही हो, आपोआप उतरला! ताई झोपली की हळू, हे अंगात इतकं मुरलेलं. बाई पेनानं खूण करत होत्या, वर, वर. मला दिसत होतं. पण ताईनं मान हलवली की माझी ओळ थांबायची, तिची मान स्थिर झाली की पुढे.

"भूपाळी आहे ना ही?" बाई नंतर म्हणाल्या. "घरातल्यांना उठवायचंय. घरफोडी करायची नाहीये."

सर म्हणाले, "शेवटच्या रांगेला आपले ओठ दिसले. छान हलत होते."

नाटकात सरांनी काठावर सोडलं, बाई संगीताची परीक्षा पुन्हा द्या म्हणाल्या. ताई टाळ्यांनी दचकून उठली. "झालं?" तिनं विचारलं, आणि माझं तोंड बघून माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. बसमध्ये एकदाच म्हणाली, "टकटक तर मले पाठ आहे सारी. ते सूर कसे आहेत, तेच ऐकाचे होते न." मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी येऊन ती आडवी झाली. "गाडी आली की उठव मले," म्हणाली. मी भिंतीला टेकून बसून राहिले. ना भूक, ना झोप. संध्याकाळी खाली हॉर्न वाजला. ताई हललीही नाही. मी हाक मारली, खांदा हलवला, काही नाही. पुन्हा हॉर्न.

मग मी पेटी ओढली आणि भाता उघडला. त्या खोलीत पहिल्यांदाच. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला भूपाळी, आणि तीही पूर्ण गळ्यानं. शेजारच्यांनी दार उघडलेलं ऐकू आलं. उघडू दे. ध्रुवपद संपेपर्यंत ताईचे डोळे उघडले होते. ती उठली नाही. तशीच पडून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिची बोटं गादीच्या कडेवर माझ्या बोटांसोबत अचूक पडत होती.

खाली हॉर्न आता थांबतच नव्हता. मी भाता सोडला.

"झालं?" तिनं विचारलं.

"अंतरा राहिलाय. पण ताई, गाडी..."

"मंग म्हण न," ती म्हणाली. "वाजवू दे त्याले."