यादीत पहिलं नाव

सोलफ्रिड हाउगान आमच्या नामसोस गावच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकीण आहे. सत्तावीस वर्षं. कोणाला मासा बारीक करून लागतो, कोणाला लापशीत दालचिनी चालत नाही, कोण जेवलो म्हणून खोटं सांगतो, हे तिला तोंडपाठ. सकाळी साडेसहाला कामावर, अडीचला घरी. आणि चार वाजता लेकीच्या रिकाम्या खोलीत, कानांवर हेडफोन आणि हातात ढाल.

ढाल खेळातली. पाच जणांचा गट एका किल्ल्यात शिरतो, समोरून दुसरे पाच येतात. सोलफ्रिड दारात उभी राहून सगळे वार अंगावर घेते, तेवढ्यात मागचे चौघं आपापलं काम उरकतात. मी एकदा तिला म्हटलं, "दिवसभर आश्रमात हेच करतेस, घरी येऊन परत तेच?" तर म्हणाली, "टोरुन, इथे निदान कोणी मीठ कमी आहे म्हणत नाही."

एकोणसाठाव्या वर्षी हा काय पोरकटपणा, असं गावात म्हणणारे होते. म्हणोत बापडे. मी तिला खेळताना पाहिलंय. एरवी रांगेत दुसऱ्याला पुढे सोडणारी ही बाई तिथे चार जणांना हुकूम सोडते आणि ते निमूटपणे ऐकतात. गटाचा म्होरक्या प्रेबेन, डेन्मार्कचा. रुनार आमच्याच गावचा, शाळेची देखभाल बघतो. बाकी दोघांना तिनं कधी पाहिलेलं नाही, तरी त्यांच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं तिला ठाऊक. नऊ वर्षं हे चाललं होतं.

तिचं मशीन आम्ही दोघींनी मिळून जोडलं, माझ्या टेबलावर. औषधाच्या दुकानाखालच्या तळघरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एकेक स्क्रू तिनं स्वतः पिळला. "एवढं वजनदार मशीन एक्स्टेन्शनवर लावू नकोस, थेट भिंतीतल्या सॉकेटला लाव," असं मीच बजावलं होतं आणि तिनं ते पाळलं. चार वर्षं मशीननं तक्रारीला जागा दिली नाही.

जानेवारीत ते बंद पडायला लागलं. ऐन खेळात, काही न सांगता, एकदम काळोख. मग बटण दाबा नाहीतर हात जोडा, ढिम्म. दहा-पंधरा मिनिटं गेली की जणू काही झालंच नाही असं सुरू.

"तापतंय ते," मी फोनवर सांगितलं. तापलं की बंद पडतं, निवलं की चालू होतं. दहापैकी नऊ वेळा हेच असतं. तिनं मशीन उघडून धूळ काढली, मांजराचे केस काढले, आतली उष्णता ओढून घेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. आर्नफिन, तिचा नवरा, शेजारी उभा राहून बॅटरीचा उजेड धरत होता. बाहेर उणे चौदा असताना खिडकी उघडी ठेवून, अंगात लोकरी स्वेटर घालून ती खेळली. किल्ल्याच्या दारात उभी असताना मशीन पुन्हा गेलं आणि मागचे चौघं मारले गेले.

मग मी तिला तापमान नोंदवून ठेवायला लावलं. शेवटच्या क्षणी एकाहत्तर अंश. एकाहत्तरला काही मरत नाही. मशीनच्या स्वतःच्या नोंदीत एवढंच, की मागच्या वेळी नीट बंद केलं नव्हतं. वा रे शहाणं! म्हटलं, आता पॉवर सप्लाय, मशीनला आतून वीज पुरवणारा भाग. मशीन दुकानात आणलं, नवाकोरा पॉवर सप्लाय घातला, दोन दिवस दोन रात्री पूर्ण जोरावर पळवलं. मला कंटाळा आला, त्याला नाही आला. बुधवारी ती घेऊन गेली आणि बुधवारीच पाच वाजून दहा मिनिटांनी ते मेलं.

"तू घरी करतेस तरी काय त्याला?" मी खेकसले. तेवीस वर्षांत माझ्या टेबलावरून बरं होऊन गेलेलं मशीन असं परत आलेलं नाही.

ती फोनवर रडत होती. सोलफ्रिड रडते हे मला माहीतच नव्हतं. "प्रेबेन म्हणाला, रविवारी आमचा शेवटचा सामना आहे. जिंकलो तर वरच्या गटात. तो म्हणाला, सोलफ्रिड, आणखी एकदा गेलीस तर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल. किती गोड बोलून म्हणाला गं. ओरडला असता तर बरं."

"आर्नफिन काय म्हणतो?"

"तो बिचारा काय म्हणणार? पाठीवरून हात फिरवतो. म्हणतो, सोड ना आता, मशीन पण म्हातारं झालं."

आर्नफिनबद्दल सांगायचं तर गावातल्या बायका त्याचं उदाहरण देत. नगरपालिकेच्या पाणी खात्यात आहे, दारू बेताची, आणि बायको खेळत असताना संध्याकाळचं जेवण हा करतो. माझा स्वतःचा नवरा अंडं उकडताना मला हाक मारायचा, त्यामुळे मीसुद्धा आर्नफिनचं कौतुक करणाऱ्यांत होते. नाताळनंतर वाफेल खायला बोलावलं तेव्हा त्यानं आम्हाला मीटरच्या पेटीत बसवलेलं नवीन यंत्र दाखवलं होतं. आमच्याकडे एकाच वेळी किती वीज ओढलीत त्यावर दर चढतो. तर घराचा भार मर्यादेबाहेर गेला की हे यंत्र आपणच काहीतरी थोडा वेळ बंद करतं. "घर स्वतः विचार करतं," तो म्हणाला. मी वा वा केलं आणि तिसरं वाफेल घेतलं. ते यंत्र काय बंद करतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. धंदा माझा, आणि अक्कल वाफेलमध्ये.

शनिवारी मी दुकान लवकर बंद करून तिच्या घरी गेले. बूट काढले, लेकीच्या पलंगावर बसले, मशीनचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढून ठेवलं. गटाचा सराव सुरू होता. स्वयंपाकघरात आर्नफिन मासा आणि मॅकरोनीचा थाळा ओव्हनमध्ये भाजायला रचत होता, रेडिओ लावून, गुणगुणत.

वीस मिनिटं सगळं उत्तम. मग ओव्हनचं दार लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं मशीन गेलं.

सोलफ्रिडनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मी मात्र आत वाकून पाहत होते. मशीन तापून बंद पडो की आणखी कशानं, भिंतीतून वीज येत असली तर आतला एक बारीक हिरवा दिवा जळत राहतो. तो दिवा माझ्यासमोर मंद होत विझला.

"सोलफ्रिड, याला वीजच येत नाहीये."

"असं कसं? खोलीतला दिवा चालू आहे. स्क्रीन चालू आहे."

"ते दुसऱ्या भिंतीवर आहे. कपाट सरकव."

कपाटामागे भिंतीतलं सॉकेट आणि मशीनचा प्लग यांच्या मध्ये साबणाच्या वडीएवढा एक पांढरा डबा बसवलेला होता. त्यावर लाल ठिपका. तिनं तो पहिल्यांदाच पाहिला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी टेस्टर लावून बघितला. डब्याच्या पुढे काही नाही. आम्ही दोघी जमिनीवर बसून त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. अकरा मिनिटांनी तो हिरवा झाला आणि मशीनमधला बारीक दिवा लागला.

पाणी कुठं मुरतंय ते मला कळलं होतं. तिलाही कळलं असावं, कारण ती उठून सरळ स्वयंपाकघरात गेली.

आर्नफिनचा फोन ओट्यावर होता. तिनं तो उचलला. लग्नाला एकतीस वर्षं, एकमेकांच्या फोनचे आकडे दोघांना माहीत. मीटरच्या पेटीतल्या यंत्राचा निरोप वरच होता. 'मर्यादा ओलांडली. क्रमांक एक बंद केलं: सोलफ्रिडचं खेळणं.' खाली कालचा. खाली बुधवारचा, पाच वाजून दहा मिनिटांचा. पार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रांग लागली होती. प्रत्येक निरोप उघडून वाचलेला.

मग तिनं यादी उघडली आणि मोठ्यानं वाचली. आधी काय बंद करायचं: एक, सोलफ्रिडचं खेळणं. दोन, न्हाणीघराची गरम फरशी. तीन, गाडीचं चार्जिंग. कधीच बंद करायचं नाही: एल्क हरणाच्या मांसाचा फ्रीझर, अंगणातला गरम पाण्याचा टब, गॅरेजमधला हीटर.

"गॅरेजमध्ये तुझी मोपेड आहे," ती म्हणाली.

"अगं, काहीतरी पहिलं ठेवावंच लागतं. यंत्र विचारतं तसं."

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे, सुरुवातीला माझ्या लक्षात..."

"तुला माहीत होतं?"

त्यानं ओव्हनचे हातमोजे काढले, परत घातले. "मला वाटलं, कंटाळून सोडशील. संध्याकाळी आपण दोघं काहीतरी करू. लेक शहरात राहायला गेल्यापासून त्या खोलीत तू आणि ते चौघं. मी इथे माशाबरोबर."

"मग तसं म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर तू सोडलं असतंस?"

"नाही," ती म्हणाली. "पण मी तुझ्यासमोर रडले, आर्नफिन. तू बॅटरी धरून उभा होतास. मी पेस्ट पुसत होते आणि तू म्हणालास, तिथे कोपऱ्यात राहिली बघ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी म्हटलं, "मोपेडला ऊब हवी आणि बायको गेली उडत, होय रे? सहा आठवडे मी दुकानात डोकं फोडून घेतेय!"

"टोरुन, तू यात पडू नकोस," तो म्हणाला.

सोलफ्रिडनं फोनवर बोट फिरवून आपलं मशीन 'कधीच बंद करायचं नाही'मध्ये टाकलं आणि फोन ओट्यावर ठेवला. थाळा करपल्याचा वास यायला लागला होता. आम्ही तिघांनी तो खाल्ला. दुसरं काय करणार? मी मनात म्हणत होते, याला केसानं गळा कापणं म्हणतात, आणि हिचा कापला तो रोज जेवण रांधणाऱ्यानं.

"उद्या येशील?" दारात तिनं विचारलं. "नुसती बस. मला धीर येईल."

रविवारी पावणेपाचला मी त्याच पलंगावर बसले होते. आर्नफिननं ओव्हन लावला नव्हता. तपकिरी चीज लावलेले पाव आणि कॉफी घेऊन तो दारात घुटमळत होता, शिक्षा झालेल्या मुलासारखा. सोलफ्रिडनं हेडफोन लावले. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, फक्त तिचा आवाज.

"हो प्रेबेन, सापडलं. आता नाही जाणार. शब्द देते."

मग ती थांबली. त्यानं काय बिघाड होता ते विचारलं असणार. आर्नफिन जागच्या जागी थिजला, कॉफीची किटली हातात. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"पॉवर सप्लाय," ती म्हणाली. "दुकानात घातला तोच खराब निघाला. आता बदललाय."

परत थांबली.

"हो, रुनार. टोरुनच."

आर्नफिनचा जीव भांड्यात पडला, तो मला ऐकूसुद्धा आला. शाळेतली चाळीसच्या चाळीस मशीनं रुनार माझ्याकडे आणतो. मी उठायला हवं होतं, तिचे हेडफोन ओढून मायक्रोफोनमध्ये त्या मोपेडचं नाव सांगायला हवं होतं. पण सामना सुरू झाला आणि ती किल्ल्याच्या दारात उभी राहिली. मी खरं सांगते, मला तिनं जिंकायलाच हवं होतं. एक तास पाच मिनिटं तिनं कोणाला आत येऊ दिलं नाही. मशीन हूं की चूं न करता चाललं. ते जिंकले. तिची जागा राहिली. ती हसत होती आणि गाल ओले होते, आणि आर्नफिन येऊन माझा कप भरून गेला.

मी बूट घालत होते तेव्हा ती मागून आली.

"मी घातलेला पॉवर सप्लाय उत्तम आहे," मी म्हटलं. "आत्ता एक तास त्यावरच खेळलीस."

"मला माहीत आहे."

"मग नुसती वायर सैल होती म्हणायचं. उंदीर म्हणायचं. काहीही म्हणायचं! माझं नाव कशाला?"

तिनं दार लोटून घेतलं, आतल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "रुनारनं विचारलं, टोरुननं घातला का, आणि तोंडून हो निघून गेलं. आता फिरवलं तर खरं काय ते विचारतील. रुनारची बायको आश्रमात माझ्याबरोबर कामाला आहे. उद्या सकाळी सातपर्यंत सगळ्या गावाला कळेल की माझा नवरा मला मोपेडच्या खाली मोजतो."

"त्यानंच केलंय ते."

"हो. पण मला त्याच्याबरोबर राहायचंय, टोरुन. तुझ्याबरोबर नाही."

रागानं नाही म्हणाली. आश्रमात एखाद्याला आज मासा नाही म्हणून सांगावं, तशी म्हणाली.

रुनारनं मंगळवारी फोन करून शाळेची मशीनं या वेळी स्टाइनशेरच्या दुकानात पाठवतो म्हणून कळवलं. चांगला माणूस, अवघडून गेला होता. मी बरं म्हटलं. सोलफ्रिड दुकानावरून रोज अडीचच्या सुमारास जाते, हात करते, मीही करते. आत येत नाही. मशीन आता बंद पडत नाही, तेव्हा तिचं माझ्याकडे काही काम नसतं.