वाघाच्या यादीतलं प्रवाळ

जळगाव जामोदहून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र प्रवासात जाते. भालचंद्रानं समुद्रच घरच्या बैठकीत मांडला होता. कॉलेजातली कारकुनी आटोपली की गडी काचेच्या टाकीपाशी. खास विकतचं मीठ शुद्ध पाण्यात विरघळवायचं, खारेपणा मोजायचा आणि मऊ प्रवाळांची इवली तोंडं उघडताना बघत बसायचं. मऊच का, तर त्यांना कायद्याची आडकाठी नाही. दगडी सांगाड्याचं प्रवाळ आपल्या समुद्रातून काढायला बंदी, आणि परदेशातून आणायचं तर परवान्यांचं झेंगट. याचा जीव मात्र नेमका त्या दगडी प्रवाळावर.

"लोकं पोपट पोसतात, आमच्या घरी गोटे पोसतात," बायको पद्मजा म्हणायची.

दिवाळीनंतर टाकीतल्या एका दगडावर हिरवट ठिपका दिसला. दगड मऊ प्रवाळासोबत आलेला. ठिपका वाढत गेला. भालचंद्रानं भिंग लावलं. दगडी प्रवाळ होतं ते. व्यापाऱ्याच्याही नकळत, आयतं घरी चालून आलेलं. आधी आनंदानं त्याला जेवण जाईना, मग भीतीनं. कागद नाही, परवाना नाही. ठेवावं तर गुन्हा, आणि सांगावं तर सरकारी माणसं ते उचलून नेणार आणि ते मरणार.

"कोणाले दिसते ते? काऊन नसतं लचांड गळ्यात घेता?" पद्मजा म्हणाली.

पण भालचंद्र म्हणजे ऑफिसातली टाचणीही सहीशिवाय न उचलणारा माणूस. रजा टाकून तो वनखात्याच्या ऑफिसात गेला. तिथले अधिकारी धम्मरत्न यांना सातपुड्यातले बिबटे, अस्वलं तोंडपाठ. सगळं ऐकून त्यांनी कायद्याचं पुस्तक काढलं, बोट फिरवलं आणि थबकले.

"अहो, हे तं वाघाच्याच यादीत हाये. झाड हाये का जनावर?"

"जनावर, साहेब."

"मंग चाला. जप्त करा लागते."

पंच म्हणून शेजारच्या मंजुळाबाईंना बोलावलं. त्या आधी पलंगाखाली जनावर शोधून आल्या. धम्मरत्न टाकीपुढे वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"ऑफिसात नेलं तं जगन का हे?"

"नाही, साहेब," भालचंद्र म्हणाला.

धम्मरत्नांनी वरिष्ठांना फोन लावला. मग म्हणाले, "जप्त केलेली बैलजोडी आपण मालकाच्याच सुपूर्द करतो ना, तसंच हे. पुढचा हुकूम येईलोक सांभाळा. विकायचं नाही, तोडायचं नाही, कोणाले द्यायचं नाही."

भालचंद्रानं सुपूर्दनाम्याचा कागद दोनदा वाचून सही केली. इतका खूश तो नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

परवा दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. भालचंद्र धापा टाकत घरी पोचला, तर पद्मजा पदर खोचून, वाटीनं टाकीतलं पाणी उचलून वरून ओतत होती, पाण्यात हवा खेळावी म्हणून.

"अगं, तू?"

"मंग? सरकारी जनावर हाये," ती वाटी न थांबवता म्हणाली. "तुमचं असतं तं मी झोपली असती."