अस्वलाच्या मुलीचा वाढदिवस

गल्लीत त्याला सगळे अस्वल म्हणत. त्यात चिडवण्यासारखं काही नव्हतं, कारण पोटापाण्यासाठी तो खरोखरच अस्वल होता. लोकांच्या मुलांच्या वाढदिवसाला तपकिरी केसाळ पोशाख चढवायचा, वर अस्वलाचं भलंमोठं मुंडकं घालायचं आणि हॉलभर नाचायचं. कंपनीच्या मालकाचे नियम दोनच. अस्वल बोलत नाही, आणि पोरांसमोर मुंडकं काढत नाही.

अस्वलाच्या जबड्यात जाळी होती. त्या जाळीतून त्याने पाहिले तेवढे वाढदिवस कुणी पाहिले नसतील, आणि बहुतेक ठिकाणी भोकाड पसरणारं मूल ठरलेलं असायचं : ज्याचा वाढदिवस तेच. कपडे टोचताहेत, झोपेची वेळ टळून गेलीय आणि आई मागून ढकलतेय, "हात मिळव ना, किती तो लाजरेपणा!" अहो बाई, सोडा त्याला, असं अगदी ओठांवर यायचं. पण अस्वल बोलत नाही. मग घामाने निथळत तो कंबर हलवत राहायचा आणि घरी येऊन बायकोपुढे आगपाखड करायचा. "वाढदिवस म्हणे! पोराला वेठीला धरतात नुसतं."

मागच्या वर्षी हे त्याच्याच लेकीवर, चिमीवर, बेतलं. त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, हौसेने घर भरून माणसं बोलावली. सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या आणि चिमी घसा बसेपर्यंत रडली. तेव्हापासून टाळ्या ऐकल्या की ती कान झाकून टेबलाखाली शिरायची. म्हणून यंदा, तिसऱ्या वाढदिवसाला, त्याने तिलाच विचारलं, काय करायचं?

चिमीने बराच विचार केला. "टबात बसायचं. जॅम खायचा. बाबाने पण."

हे ऐकून ताई फोनवरच कडाडली. "जगाच्या पोरांपुढे नाचतोस आणि स्वतःच्या पोरीला टबात बसवणार? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. टबात पाणी असेलच, चूळ भरेन."

त्या दिवशी सकाळी बाल्कनीत टब भरला. चिमी पाण्यात, कोपरापर्यंत जॅम. तो शेजारी स्टुलावर, पाय टबात सोडून. बायको पावाला जॅम लावून देत होती आणि पोरगी आपल्याशीच गाणं म्हणत होती. इतकं मन लावून गाणारं वाढदिवसाचं मूल त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात ताई, फुग्यांचा घोस, मागे तिच्या शेजारणी, आणि सगळ्यांत मागे चक्क अस्वल. डावा कान निळ्या दोऱ्याने शिवलेला. तो कान त्यानेच शिवला होता. आज त्याच्या जागी आत कंपनीतला नवा गडी असणार. काही बोलायच्या आत शेजारणींनी टाळ्या सुरू केल्या. बाल्कनीतलं गाणं थांबलं आणि चिमीने टाहो फोडला.

त्याने दोन्ही हात पसरून दार अडवलं. "टाळ्या बंद!" तो असा गरजला की एक फुगा हातातून सुटला. "एकदम बंद. आत कुणी यायचं नाही."

"अरे, मी हौसेने आणलंय सगळं," ताई म्हणाली. "आपला वाढदिवस कधी कुणी केला का? आई गेल्यावर मी तुला वाढवलं, पण एक साधा फुगा देता आला नाही तुला. माझ्या मनात सलतं ते."

"मग मला दे फुगा. नाचतोही त्याच्याबरोबर. पण आपलं राहिलेलं माझ्या पोरीकडून वसूल करू नकोस, ताई. ती रडतेय, ऐक."

ताईने ऐकलं. कदाचित पहिल्यांदाच. शेजारणी एकमेकींकडे बघत जिना उतरल्या.

"आणि तू रे," तो अस्वलाला म्हणाला, "काढ ते मुंडकं."

अस्वलाने जोरजोरात मान हलवली.

"मालकाला मी बघतो. काढ."

मुंडकं निघालं. आतून घामाने चिंब झालेला पोरगेला चेहरा बाहेर आला. चिमी आईच्या कडेवरून टकमक बघत राहिली. रडणं थांबलं.

"हा काका पण रडला?"

"मी नाही, बाळा, घाम आहे," गडी ओशाळून म्हणाला. तिला ते काही पटलं नाही. ती खाली उतरली, टबाकाठचा पाव आणून तिने त्याच्या केसाळ पंजात दिला.

ते बघून ताईचे हात सवयीने टाळीसाठी वर आले आणि अर्ध्यातच थबकले. ते कुठे ठेवावेत तिला कळेना. चिमीने तिच्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. मग जॅम लावलेले दोन पाव आणले आणि आत्याच्या दोन्ही हातांत एकेक देऊन टाकला.

"आता बस," ती म्हणाली, आणि परत टबात शिरली.