पक्का ड्रायव्हर

मुलाने आपली खाकी पँट स्वतः धुवायला घेतली, तेव्हा आईने हातातलं काम टाकलं. पाण्याचा पेला कधी विसळला नव्हता या माणसाने. चाळिशी उलटली, शहर बस चालवता चालवता केस पिकले, तरी जेवलेलं ताट जागेवर सोडून उठायचा. आणि आता बाथरूमची कडी लावून घासत बसला होता.

"दे इकडे. मी काय मेले का?"

"ग्रीस आहे गं, तुझे हात खराब होतील."

ग्रीसचा वास तिला लग्नापासून माहीत होता. नवराही ड्रायव्हरच होता. त्या दिवसापासून ती लक्ष ठेवू लागली. तो ओट्याला टेकून उभ्यानेच जेवायचा. संडासात गेला की तासभर बाहेर यायचा नाही. जिना चढताना मधेच थांबायचा आणि मोबाईल बघतोय असं दाखवायचा.

शेवटी तिने सरळच विचारलं, "रक्त जातं का रे?"

तो आधी लाजला, मग हसला. "सीटचा आजार आहे तो, आई. आमच्यात सगळ्यांना असतो."

डेपोत ड्रायव्हर लोकांच्या खोलीत खिडकीजवळचा कोपरा बसवत नाही म्हणून उभ्याने चहा पिणाऱ्यांचा होता. तो पहिल्यांदा तिथे जाऊन उभा राहिला, त्या दिवशी सगळ्यात जुन्या ड्रायव्हरने, ज्याला सारे उस्ताद म्हणत, पाठीवर थाप मारली होती. "या लोणीशेठ! आज झालात पक्के ड्रायव्हर." मुलाचा ब्रेक इतका मऊ की डुलक्या घेणाऱ्यांची झोप मोडत नसे, म्हणून तो लोणी. कोपरा खदखदून हसला. कुणी चूर्णाची पुडी दिली. कुणी सांगितलं, ड्युटीवर पाणीच पिऊ नको, म्हणजे मधे उतरायला नको. आणि डॉक्टरचं नाव काढू नको, गाडीवरून उतरवतील, मग डेपोत टायर मोजत बस.

त्यांचं चार थेंब जाऊन थांबलं होतं, त्याचं थांबत नव्हतं. पण चेष्टेच्या विषयात किती जातं हे कोण कुणाला विचारणार?

"त्यांचं थांबलं, तुझं थांबत नाही. एवढंही कळत नाही तुला?" आई म्हणाली.

"बघू गं पुढच्या आठवड्यात."

पुढचा आठवडा येतच राहिला. मग एका दुपारी भरलेली बस पुलावरून उतरवताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी बस कडेला घेऊन त्याने हँडब्रेक ओढला आणि मान स्टेअरिंगवर टाकली. कंडक्टर त्याला टॅक्सीने घरी घेऊन आला. "मावशी, वेळेवर थांबला म्हणून. नाहीतर आज..."

आईने पायात चपला सरकवल्या, कुलूप लावलं आणि त्याच टॅक्सीत बसली. "आता एक शब्द बोलायचा नाही," तिने मुलाला बजावलं. तो बोलण्याच्या अवस्थेत नव्हताच.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त काढलं, रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "अर्ध्याहून कमी रक्तावर बस चालवताय तुम्ही."

"मूळव्याधच आहे ना पण?" त्याने विचारलं.

"मूळव्याध आहेच. शौचाच्या जागेच्या शिरा सुजतात, कुंथलं की रक्त येतं. भरपूर पाणी, पालेभाज्या, फळं, आणि संडासात मुक्काम न करणं, एवढ्यावर बहुतेकांची बसते. पण रक्त पहिल्यांदा दिसलं की एकदा दाखवायचं असतं. थांबत नसेल, काळपट येत असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर लगेच. आणि चक्कर आली तर दवाखाना गाठायचा, घर नाही."

"वजन उतरलंय," आई म्हणाली. "पट्ट्याला नवीन भोक पाडलंय त्याने."

त्याने चमकून आईकडे पाहिलं.

"मग दुर्बिणीने आतून बघायचं," बाई म्हणाल्या. "मूळव्याधीच्या आड दुसरं काही लपलेलं नको."

त्याला रक्त चढवलं, पोट साफ करायचं औषध पाजलं, आणि दुर्बिणीच्या खोलीचं दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर ती पदराचं टोक पिळत बसली. दार उघडेपर्यंत ते टोक चुरगळून चिंधी झालं होतं.

दुसरं काही नव्हतं. बाईंनी सुजलेल्या शिरांना रबरी कड्या घातल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त भरून येईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं लिहूनही दिलं.

घरी जाताना दोघं बसमध्ये बसली. ड्रायव्हर झाल्यापासून पहिल्यांदाच तो बसच्या मागच्या भागात होता. पुढचा ड्रायव्हर तरणा होता, ओळखीचा नव्हता. प्रत्येक सिग्नलला तो एका कुशीवर कलायचा, सीटवरून अर्धा उचलला जायचा.

आईने पाहिलं. मुलानेही पाहिलं. तो उठला, दांडे धरत धरत पुढे गेला आणि त्या तरण्याच्या कानाशी वाकला. "मीही ड्रायव्हर आहे. रक्त जातं का?"

तरणा मागे न बघताच हसला. "काय साहेब! सगळ्यांनाच जातं."

सिग्नल सुटला. मुलगा तिथेच उभा राहिला, पुन्हा बोलायला लागला. आणि गाडीच्या आवाजात त्यातलं काय त्या पोराच्या कानात शिरतंय, ते आईला मागून कळेना.