चिनात्सूचा मातीचा गोळा

जपानमधल्या ताकेहारा गावच्या बालवाडीत शिगेनो ओगिहाराबाईंनी छत्तीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत त्यांची नखं एक दिवस धड स्वच्छ राहिली नाहीत. आता त्या निवृत्त झाल्या आहेत, नखं लख्ख आहेत, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटतं. बालवाडीच्या अंगणात हल्ली हिरवं रबर अंथरलंय. पोरांचे गुडघे फुटत नाहीत म्हणून आया खूश आहेत. बाई बाजाराला जाताना फाटकाशी थांबतात, आत बघतात आणि नाक मुरडून पुढे जातात.

त्यांच्या वेळी तिथे तांबूस माती होती. थंडी सरू लागली की पाच-सहा वर्षांची पोरं ओल्या मातीचा लाडवाएवढा गोळा वळायची. त्यावर कोरडी माती भुरभुरवायची, अंगठ्याने हलके घासायची, पुन्हा भुरभुरवायची. सगळ्यांत बारीक मातीला पोरं पिठी म्हणत, आणि ती अंगणात नेमकी कुठे मिळते हे सख्ख्या भावालाही सांगत नसत. आठ-दहा दिवस जीव लावला की गोळा असा चमकायचा की त्यात खिडकी दिसावी. बाई यातलं काही शिकवत नसत. त्या पायरीवर बसून बघत असत. या बाई बसून पगार खातात, असं काही पालक उघड म्हणत. हात शिवशिवत असताना नुसतं बसून राहणं किती कठीण असतं, हे त्या पालकांना कोण सांगणार?

बाईंनाही ते उपजत येत नव्हतं. ते त्यांना चिनात्सूने शिकवलं.

तेव्हा बाई चोवीस वर्षांच्या होत्या, नोकरीचं दुसरं वर्ष. चिनात्सू नुमाता त्या वर्षी पानगळीच्या सुमारास आली. वडील बँकेत, सारख्या बदल्या. पोरगी पाच वर्षांची, पण ओळख करून घेण्यात अर्थ नसतो हे तिला पक्कं कळलेलं होतं. ती कुणाशी बोलत नसे. फेब्रुवारी संपता संपता तिने एक गोळा करायला घेतला आणि रोज तेवढ्यापुरतं बाईंना सांगू लागली, "बाई, हात लावू नका." मार्चमध्ये वडिलांची पुन्हा बदली झाली, या वेळी तोक्योला. त्या दिवशी ती आपण होऊन बाईंच्या शेजारी येऊन बसली.

"हा चमकला की मी तिकडच्या मुलांना दाखवणार," ती म्हणाली. "मग ती माझ्याशी बोलतील."

जायला सहा दिवस उरले होते. मधेच आला मोठ्या वर्गाचा निरोप समारंभ. अशा समारंभाआधी बालवाडी किती घासतात हे काय सांगायचं. बाहुल्यांचे कानसुद्धा पुसतात. शिगेनोबाई कामाला वाघ. त्यांनी पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या आणि वळचणीखालची फळी एका दमात झाडून काढली. बाकीच्या पोरांनी आपापले गोळे घरी नेले होते. एका जुन्या डब्यात एक धुळीने माखलेलं ढेकूळ होतं, ते बाईंनी केराच्या बादलीत उपडं केलं. खालून आवाज आला. वाकून बघितलं तर चिनात्सूच्या गोळ्याचे तीन तुकडे.

मोठी माणसं करतात तेच त्यांनी केलं. दुपारी पोरं झोपली असताना नवा गोळा वळला, स्टोव्हजवळ सुकवला, आपल्या नायलॉनच्या मोज्याने घासघासून चमकवला आणि डब्यात ठेवून दिला. छान जमला होता. थोडा अभिमानही वाटला, ही शरमेची गोष्ट त्या आजही कबूल करतात.

सकाळी चिनात्सूने गोळा उचलला, डोळे मिटून हातात फिरवला आणि परत ठेवला.

"हा माझा नाही. माझ्याला एका बाजूला खळगा होता. तिथे माझा अंगठा बसायचा."

तुझाच आहे गं, हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. पण ती त्यांच्याकडे अशी बघत होती की ते बाहेर पडेनात.

"तुझा मी फोडला," बाई म्हणाल्या. "कचरा समजून टाकला. हा मी केलाय. चुकले मी."

पोरगी रडली नाही. तिने बाईंच्या गोळ्यावर नख दाबलं, तशी त्याला उभी चीर गेली.

"आतून ओला आहे," ती म्हणाली. "तुम्ही फार घाई केली."

बाईंनी विचारलं, मला शिकवशील का. ती त्यांना अंगणात घेऊन गेली. मग चार दिवस बाईंची जशी हजेरी घेतली गेली, तशी पुढे कुठल्याच तपासनीसाने घेतली नाही. पाणी जास्त, दाब जास्त, लक्ष कुठेय तुमचं. बाईंना बोलणी बसतायत म्हटल्यावर पोरं गोळा झाली. मग त्यांनाही तिचं शिकवणं हवं झालं. चौथ्या दिवशी चिनात्सूभोवती सात जण उकिडवे बसले होते आणि बोलून बोलून तिचा घसा बसला होता.

जायच्या दिवशी आई बॅगा घेऊन फाटकाशी उभी होती. बाईंनी या चार दिवसांत केलेला गोळा वाकडा आणि निस्तेज झाला होता. तरीही तोच त्यांनी पुढे केला.

"चमकला नाही गं. तिकडे काय दाखवशील?"

"तो तुमचा आहे," चिनात्सू बसक्या आवाजात म्हणाली. "तिकडे कुणाला तरी येत नसेलच. त्याला मी शिकवीन." आईने हात धरल्यावर तिने मागे वळून बजावलं, "रोज घासा. आणि घाई करू नका."

"हो, बाई," शिगेनोबाई म्हणाल्या.